दोरीवरची लाल चिंधी

स्वातंत्र्याच्या साली जन्मलेली माझी धाकटी बहीण ठार बहिरी होती. अलिबागच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. ती डोळ्याला डोळा का भिडवत नाही, अंगाला हात लागला की का किंचाळते, शिंपले लहानमोठे लावत दिवसदिवस का बसते, यातलं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. हल्ली त्याला ऑटिझम म्हणतात. तेव्हा रेवदंड्यात ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणत, आणि म्हणणाऱ्याशी मी कडाकडा भांडत असे. माझी जीभ तेव्हापासूनच अशी.

लोक तिच्यापुढे हातवारे करत, ती सरळ पाठ फिरवी. मी तिच्या हातात वस्तू देऊ लागले. करवंटी दिली की पाणी, फणी दिली की वेणी. फणी ती समुद्रात फेकून येई, म्हणजे नको. इतकं सरळ उत्तर आमच्या घरात दुसरं कुणी देत नसे.

आई बोंबील सुकवायला किनाऱ्यावरच्या खळ्यावर जाई तेव्हा आम्हा दोघींना नेई. एका बोंबलाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाकायची. बहिणीने हे काम बघताबघता उचललं, पण तिला जोडी सारख्या मापाचीच लागे. आमच्या दोरीवर ते खपलं असतं. बाईसाहेब शेजारच्या काकीच्या दोरीवर गेल्या आणि तिथल्या सगळ्या सोयरिकी मोडून नव्याने जुळवायला बसल्या. खाली वाळूत बोंबलांचा ढीग, वर कावळ्यांची सभा.

खळं काकीचंच. तिने आईला बजावलं, “उद्यापासून पोरीला आनू नको गो. घरान ठेव.”

घरात ठेवायचं म्हणजे खांबाला बांधायचं, कारण बहीण लाटांकडे धावे आणि हाक तिला ऐकू येत नसे. आई वाळूतले बोंबील वेचू लागली. मी काकीशी भांडले, आणि आईची एक चापट खाल्ली. रडले ते चापटीसाठी नव्हे. काकीने शेवटी आणखी एक दिवस दिला, बहुधा माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी आमच्या दोरीला बांधली, आणि तसलीच एक बहिणीच्या हातात दिली. तिने दोन्ही चिंध्या निरखल्या आणि कामाला लागली. चिंधी होती तेवढीच दोरी तिची. काकी डोळ्यांत तेल घालून पाहत होती.

दुपारी आमचे बोंबील संपले. बहीण उठली आणि काकीकडे निघाली. मी मागोमाग धावले. पण बोंबलांना तिने बोटही लावलं नाही. हातातली चिंधी काकीच्या पदराला बांधली, तिला खांद्याला धरून ढकलत नेलं आणि आईशेजारी उभं केलं. दोघी सारख्याच ठेंगण्या. अख्ख्या खळ्याला दरडावणारी काकी मुकाट उभी! मला वाटलं, आता दोघींना दोरीवर टाकते की काय.

काकीला हसू आवरेना. तिने पदराची चिंधी सोडली आणि आपल्या दोरीला बांधली. आईला म्हणाली, “उद्या हिला बेगीन आन.”

मी बहिणीला शोधू लागले, तर ती माझ्याच शेजारी, खांदा लावून उभी. मी तिच्याहून चांगली वीतभर उंच. अशी बेमापाची जोडी तिने जन्मात दुसरी लावली नाही.