दहिसर नाक्यापलीकडचं कॉलेज

दर वर्षी जून संपायच्या आत आमच्या ऑफिसात कॉलेजांची यादी ठरते. कोणत्या कॉलेजांत जाऊन मुलं निवडायची, त्याची यादी. गेली अकरा वर्षं ती मी करते. बाहेरच्यांना वाटतं, यामागे मोठं शास्त्र असणार. मुलांचे आईवडील तर पत्रिका बघावी तितक्या गांभीर्याने मला विचारतात, की मॅडम, नेमकं काय बघता तुम्ही? आता काय सांगणार? साहेब लोक जिथे शिकले ती कॉलेजं यादीत पहिली. तिथली मुलं येतात, पुढे साहेब होतात आणि पुन्हा तिथेच मुलं आणायला जातात. मग उरलेले रकाने. ऑफर दिलेल्यांपैकी किती जण खरोखर रुजू झाले, वर्षाच्या आत किती सोडून गेले, आपली चार माणसं दिवसभर गेली तर चारपाच मुलं तरी हाती लागतील का. नव्या कॉलेजचं एक वर्ष वाईट गेलं की ते यादीतून बाद. नावाजलेल्या कॉलेजची लागोपाठ तीन वर्षं वाईट गेली, तर आम्ही म्हणतो, बाजारच मंद आहे.

या यादीला एक नियम आहे आणि तो मी टाइप केलेला आहे. कॉलेजं दोन प्रकारची, शहरातली आणि बाहेरगावची. बाहेरगावी जायचं तर सगळ्यात वरच्या साहेबांची सही लागते. शहर कुठे संपतं ते कुठेतरी लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहिलं, दहिसर चेकनाक्यापर्यंत. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. रविवारी वसईच्या माझ्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर बसून मी ते वाक्य लिहिलं आणि वसई बाहेरगाव करून टाकली. बंगळुरूला आमची शाखा आहे, त्यामुळे बंगळुरू शहरात धरतात. म्हणजे मी रोज संध्याकाळी झोपायला बाहेरगावी जाते आणि सकाळी शहरात परत येते. यावर ऑफिसात कधी कोणी हसलं नाही, कारण कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं, सरांचं पहिलं पत्र येईपर्यंत.

सर म्हणजे वसईतल्या माझ्या कॉलेजचे कॉमर्सचे सर. आम्हाला कॉस्टिंग शिकवायचे. प्लेसमेंटचं काम कोणीच घेईना, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. एक कपाट, एक फोन आणि भिंतीवर कंपन्यांच्या नावांसाठी लावलेला, बराचसा रिकामा फळा, एवढा त्यांचा विभाग. माझे वडील सातिवलीतल्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनवायच्या मशीनवर होते. मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा नावाची काही गोष्ट असते, हे आमच्या घरात मला सरांमुळे कळलं. फॉर्म त्यांनी भरून घेतला. परीक्षेला ते माझ्याबरोबर आले आणि तीन तास बाहेरच्या पायरीवर पेपर वाचत बसले. बाहेर आल्यावर पेपर कसा गेला ते विचारलं नाही. भूक लागली असेल, एवढंच म्हणाले.

त्याच सरांचं दर जूनमध्ये पत्र येतं. ते स्वतः येऊन आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून जातात. सोबत केळीच्या वाळक्या सोपट्यात बांधलेली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची सुकवलेली केळी. पत्राची सुरुवात, आदरणीय महोदया. शेवट, आमच्या महाविद्यालयास एकदा भेट द्यावी ही नम्र विनंती. तीन वर्षं पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीला महोदया म्हणतात, याचं मला आधी हसू आलं. पुढे ते सोयीचं वाटू लागलं. महोदयेने महोदयेसारखं उत्तर द्यावं, आपली विनंती नोंदवून घेतली आहे. पत्र 'विचाराधीन' फायलीत लावायचं आणि सुकेळी संपवायची. सुकेळी मी दर वर्षी एकटीच संपवली. ऑफिसात नेली असती तर कुठून आली ते सांगावं लागलं असतं.

कारण ऑफिसात मी वसईची नाही. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर सगळे आपापल्या कॉलेजचं नाव सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मी मॅनेजमेंटच्या संस्थेचं नाव सांगितलं. त्याआधी कुठे, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, मुंबईतच. एकच शब्द. ऑफिसच्या प्रोफाइलमध्येही पदवीचा रकाना तसाच रिकामा ठेवला. राहता कुठे, तर बोरिवलीच्या पुढे. असं खोटं एकदा बोललं की ते सांभाळायला फारसे कष्ट पडत नाहीत, फक्त माणसं जरा लांब ठेवावी लागतात. ऑफिसातल्या कोणाला घरी बोलवता येत नाही. वसईत जुन्या मैत्रिणी भेटतात, एकीची बेकरी आहे, एक शाळेत शिकवते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला ये म्हणतात. तिथे कोणी फोटो काढून कुठे टाकेल या भीतीने मी जात नाही. आई भावाकडे राहायला गेल्यापासून घरात बोलणारं असं कोणी उरलं नाही. मी एकटी आहे. ते एकटेपण मी स्वतःच रचत आणलंय, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करायची.

यंदाच्या पत्रात नेहमीच्या मजकुराखाली तीन ओळी जास्त होत्या. "मी डिसेंबरअखेर निवृत्त होत आहे. त्याआधी एकदा तरी तुमच्या माणसांनी आमच्या मुलांना समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत, एवढी इच्छा आहे. निवड झाली नाही तरी चालेल."

शेवटचं वाक्य मला सोसलं नाही. कारण सरांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. कोविडनंतर आम्ही निवडीची ऑनलाइन परीक्षा सगळ्यांना खुली केली. सरांची मुलं दर वर्षी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून ती देतात. फॉर्ममध्ये कॉलेज निवडायला एक यादी उघडते. त्यात आमच्या यादीतली कॉलेजं असतात आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. 'इतर'वाल्यांचे पेपर आम्ही जागा उरल्या तरच उघडतो. जागा कधीच उरत नाहीत. ती मुलं निकालाची वाट बघत राहतात आणि सर त्यांना धीर देत राहतात. ती उघडणारी यादीही माझीच आहे.

तेव्हा मी ठरवलं, यंदा वसई मीटिंगमध्ये मांडायची. यादीच्या शेवटच्या ओळीत कॉलेजचं नाव घातलं. आमचा साहेब पुण्याचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. त्याने ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे तर बाहेरगावात येतं, सही लागेल, आणि सही मागायला काहीतरी कारण लागेल. मग तो स्वतःच विचार करू लागला. आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठल्या कॉलेजचं एखादं माणूस आपल्याकडे असेल आणि त्याचं काम चांगलं असेल, तर त्या कॉलेजला एक वर्ष संधी देऊन बघतात. असं करून चार कॉलेजं यादीत आलेली मी पाहिली आहेत. त्यांचे कागद मीच केले होते.

साहेबाने टेबलाभोवती बघितलं. "आपल्याकडे आहे का कोणी तिथलं?"

एक शब्द पुरला असता. नोकरी जाणार नव्हती, कोणी ओरडणार नव्हतं. फार तर कोणीतरी म्हणालं असतं, अरे, तू कधी बोलली नाहीस. पण त्या 'कधी'मध्ये अकरा वर्षं होती. मी लॅपटॉपकडे बघितलं.

"शोधून सांगते," मी म्हणाले.

तो पुढच्या विषयाकडे वळला. शुक्रवारी यादी बंद झाली. त्या चार दिवसांत मी काही शोधलं नाही.

निदान नकार तरी ईमेलने कळवायचा नाही, असं ठरवून रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि वसईतच सांडोरला सरांच्या घरी गेले. सरांच्या बायको, आमच्या मॅडम, ओट्यावर बसून माठाच्या भाजीच्या जुड्या बांधत होत्या. सर केळीच्या बागेत पाणी सोडत होते, अंगात नुसता बनियन. मला बघून ते घाईने आत गेले आणि शर्ट घालून, वरचं बटण लावूनच बाहेर आले. माझ्यासमोर त्यांनी असं नीटनेटकं व्हावं, याची मला लाज वाटली. चहा येईपर्यंतही थांबायचा धीर नव्हता. यंदाही जमलं नाही, असं मी सांगून टाकलं.

"बरं," सर म्हणाले. आई कशी आहे, ते विचारलं. ती गुडघ्याचं ऑपरेशन करणार होती, तेही त्यांच्या लक्षात होतं.

ते जरा तरी वाईट वाटून घेतील, याची मी वाट बघत होते. ते काही झालं नाही, तेव्हा मलाच राग आला. दोष थोडा तरी त्यांच्याकडे सरकवावा असं वाटलं. मी म्हटलं, सर, तुम्ही पत्रात महोदया का लिहिता? माझी विद्यार्थिनी असं एकदा लिहिलं असतं, तर त्या पत्राला काही वजन आलं असतं.

सरांनी चहात पाव बुडवला. मॅडमचे हात जुडीवर थांबले होते.

"पहिल्या वर्षी पत्र द्यायच्या आधी तुझ्या ऑफिसात फोन केला होता," सर म्हणाले. "म्हटलं, आमच्या कॉलेजची मुलगी आहे तुमच्याकडे. फोनवरची बाई म्हणाली, नाही हो, त्या मुंबईच्या कॉलेजच्या. मग मला कळलं की तू तिथे सांगितलेलं नाहीस. काहीतरी अडचण असेल तुझी. मी कशाला उघडं करू?"

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. दर जूनमध्ये हा माणूस माझ्या दारात येऊन मुलांसाठी विनंती ठेवून गेला होता, आणि ज्या एका गोष्टीने ती मान्य झाली असती ती माझ्यासाठी गाळून. निघताना मॅडमनी माठाच्या दोन जुड्या आणि केळ्यांची फणी पिशवीत भरून दिली. पिशवी मी स्कूटरला अडकवली.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. आधी साहेबाला मेसेज लिहिला. शोधलं. त्या कॉलेजचं एक माणूस आपल्याकडे आहे. मी. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं. अरे वा, आधी बोलायचं ना. यादी आता बंद आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. तोवर प्रोफाइलमध्ये कॉलेज भरून ठेव, म्हणजे सही मागताना दाखवता येईल.

पुढच्या वर्षी सरांच्या त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कोणाकडे असेल.

तरी मी लॅपटॉप उघडला आणि प्रोफाइलमधल्या पदवीच्या रिकाम्या रकान्यावर क्लिक केलं. कॉलेजांची यादी उघडली. सगळीकडे एकच यादी वापरायची, हेही मीच ठरवलं होतं. मी ती वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. माझं कॉलेज त्यात नव्हतं, कारण ते मी कधी घातलंच नव्हतं. मी 'इतर' निवडलं. शेजारी कॉलेजचं नाव लिहायला चौकट असेल म्हणून थांबले. चौकट नव्हती. 'इतर'मधल्यांना आपलं नाव सांगावंसं वाटेल, हे यादी करताना माझ्या मनात आलं नव्हतं.