टेकायला भिंत, बघायला चित्रं

सुदाम कऱ्हाळे मास्तर मला पहिल्यांदा औंढ्याला, देवळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटले आणि भेटताक्षणी त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. माझा शर्ट पोपटी होता. "आधी तो झाका!" ते ओरडले. त्या ओरडण्यानं कळसावरची कबुतरं उडाली ती थेट वाशीम जिल्ह्यात जाऊन बसली, उकळता चहा गार झाला आणि दर्शनाच्या रांगेतल्या चौघांनी जागच्या जागी आपली पापं कबूल केली. पुढं पाऊण तास ते माझ्याशी डोळे मिटूनच बोलले. विषय एकच : हिंगोली जिल्ह्यातल्या माणसांना दृष्टी नाही.

मास्तर पुसेगावकडच्या शेतकरी घरातले, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तीस वर्षं त्यांनी पोरांकडून एकच कमळ काढून घेतलं आणि निवृत्तीनंतर जगानं आपल्याला ओळखलं नाही म्हणून जगावर रुसले. चित्रं बरी काढत. म्हणजे म्हैस काढली तर ती म्हैस आहे हे निदान म्हशीला कळलं असतं. मरण्याआधी एका तरी माणसानं आपलं एक चित्र मनापासून बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पण पहिल्या प्रदर्शनाला दोघंच आले. एक विजेचं मीटर बघायला आणि दुसरा त्याला शोधायला.

तेव्हा मास्तरांनी गाण्याचं आमिष लावलं. गाण्याला ते तुच्छच समजत. तरी पुनमचंद शेठच्या बियाण्याच्या दुकानावरचा हॉल मागून घेतला, नांदेडहून शितलताई या शास्त्रीय गायिकेला बोलावलं आणि उजेड चित्रांवर बराबर पडावा म्हणून दुपारी चारची बैठक ठरवली. श्रोते खाली बसणार, म्हणून चित्रं बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावली. इतकी अक्कल त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशावर खर्च केली नव्हती.

आता आमच्याकडचा माणूस हॉलच्या मधोमध कधी बसत नाही. आल्या आल्या तो भिंत शोधतो. साठ माणसं आली आणि साठ पाठी भिंतींना लागल्या. मधली सतरंजी ओस. भीमपलास सुरू झाला तेव्हा प्रत्येक चित्राच्या मधोमध एक तेल लावलेलं डोकं होतं.

"जरा पुढं सरका ना," मास्तर आडतवाल्या दगडोबांच्या कानाशी लागले.

"काहून?"

"मागं चित्र आहे."

"असू द्या की. मला न्हाई टोचून राहिलं."

दाद मात्र भरपूर. सम कुठं आली ते कोणालाच कळत नव्हतं, तरी माना अशा डोलत होत्या की दर डोलण्याला चित्रावर वीतभर तेल चढत होतं. बैठक संपल्यावर मास्तर मोठ्या आशेनं शितलताईंकडं गेले. बाकी सगळे गाणाऱ्या बाईंकडं बघत होते; चित्रांच्या भिंतींकडं तोंड करून बसलेल्या त्या एकट्याच.

"चित्रं कशी वाटली?"

"मास्तर, मी डोळे मिटून गाते."

दुसऱ्या वर्षी चित्रं पाच हात उंच टांगली. मास्तरांच्या घराशेजारच्या मनकर्णाबाई अख्खा विलंबित ख्याल होईपर्यंत वर बघत होत्या. मास्तरांना भरून आलं.

"काय दिसतंय, मावशी?"

"खिळा हलून राहिला, बापा. माझ्या डोक्यात पडंल ना ते!"

तिसऱ्या वर्षी चित्रं स्टँडवर लावून हॉलच्या मधोमध उभी केली. त्यामुळं गाणाऱ्या बाई दिसेनात. लोकांनी स्टँड उचलले आणि कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून ठेवून दिले. वर पुनमचंद शेठ म्हणाले, "मास्तर, गाणं लई भारी ठेवता तुमी. मधी हे लाकडी सामान काहून आणता?"

मास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांना गाढव म्हटलं, मलाही. मला राग आला नाही. पहिल्या वर्षीचा भीमपलास मी त्यांच्या म्हशीला टेकूनच ऐकला होता.

चौथ्या वर्षी त्यांनी चित्रं लावलीच नाहीत. ती खाली रिक्षात ठेवली आणि स्वतः दारात उभे राहिले. 'यंदा चित्रं कुठं आहेत?' असं एकानं जरी विचारलं असतं तरी ते ती वर आणणार होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. माणसं आली, नमस्कार करून आत गेली, भिंती धरून बसली. मीही. बैठक तीन तास चालली. कोणी विचारलं नाही.

मास्तरांनी चित्रं काढणं सोडलं. बैठक अजून दर वर्षी होते.