मोटर लावली आणि बाळाचं दूध नासलं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे लिहून झाल्यावर बसेल असंही वाटत नाही. मी दूधवाला माणूस. मला भुतापेक्षा उंदराची भीती जास्त... भुतानं आजवर माझ्या कॅनमध्ये लेंड्या टाकलेल्या नाहीत. आपल्या मासिकात लोक लिहितात, पिंपळावर कोण दिसलं, विहिरीतून कोणी हाक मारली, ते मी दुपारी पडल्या पडल्या वाचतो आणि हसतो. पण दोन वर्षांपूर्वी देहूरोडला, सकाळी आठच्या लख्ख उन्हात, चार बायकांच्या देखत जे झालं त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. नुसतं आठवलं तरी तोंडाला कडू पाणी सुटतं.

माझं गाव महाळुंगे. अठरा वर्षं झाली, रोज गावातलं दूध गोळा करून सायकलवरून देहूरोडला पोचवतो. इंद्रायणी उतारानं ओलांडायची, तळवड्यावरून पुढं, असं आठ-नऊ मैल. मागं कॅरिअरला दोन्ही बाजूंना मोठे कॅन, त्यात गाई-म्हशींचं मिसळीचं दूध. आणि पुढं हँडलला एक छोटी झाकणाची पितळी चरवी. पाणी मी घालत नाही. हे मी छाती ठोकून सांगायचो, घरोघरी, कोणी विचारलं नाही तरी.

ती पुढची चरवी सीतामावशीच्या नातीची. मावशी बाजारामागच्या चाळीत राहते. तिची लेक बाळंतपणात गेली, जावई फौजेत, लांब सरहद्दीवर. पोर मावशीच्या पदरात. तीन महिन्यांची, मूठभर जीव. सुईणीनं बजावलं होतं की तान्ह्या पोराला एकाच गाईचं दूध द्यायचं, आज हिचं उद्या तिचं असं चालायचं नाही. मावशीनं एकदा नाइलाजानं बाजारातलं दिलं तर पोरीला अशी हगवण लागली की दोन दिवस कोणी आशा धरली नव्हती. म्हणून माझ्या घरच्या कपिला गाईचं दूध मी वेगळं आणायचो. मावशी रोज दारात चरवी हातात घेताना विचारायची, "कपिलेचंच न्हवं, म्हादू?" मी म्हणायचो, "व्हय मावशी." मग ती दूध ओतून घ्यायची. हे रोजचं.

आता मोटरचं. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता, आणि त्या हिवाळ्यात तर नदीचा चढ चढताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. चिंचवडच्या उस्मानभाईकडं, माझ्या सायकलमिस्त्रीकडं, एका फौजी साहेबानं सायकलला लावायची मोटर विकायला ठेवली होती. हँडलपुढं बसायची, खाली एक रूळ, दांडा सोडला की तो रूळ पुढच्या टायरला टेकतो आणि चाक फिरवतो. आमच्या सायकलवाल्यांत दोन जाती. एक म्हणतात मोटर म्हणजे आळशाचं सोंग, दुसरे म्हणतात पायडल मारणारा गाढव. मी म्हटलं, बाबा, मोटर काही पाप नाही आणि सायकल काही पुण्य नाही. बघू तर खरं! गुडघा माझा आहे, तुमचा नाही.

बघितलं. मोटर विकत घेऊन बसवली, आणि पहिल्या दिवशी चढावर ती फटफट करत मला वर घेऊन गेली तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो, खोटं कशाला बोलू. दीड तासाची वाट तासाच्या आत झाली. पण शी! काय ते घाणेरडं यंत्र! धोतरावर काळे शिंतोडे, नाकात धूर, हाताला तो चिकट वास, साबणानं जायचा नाही, भाकरीलासुद्धा लागायचा. आणि हँडलला चरवी टांगायला जागाच राहिली नाही. दोन दिवस कशीबशी अडकवली तर झाकणातून पेट्रोलचा वास दुधाला लागला. मावशीनं नाक मुरडलं.

तिसऱ्या दिवशी मी सोपा मार्ग काढला. कपिलेचं दूध मोठ्या कॅनमध्येच ओतलं. चरवी रिकामी नेली आणि मावशीच्या गल्लीत वळायच्या आधी कॅनमधून भरली. यात काय मोठंसं? कपिलेचं दूध त्यात होतंच की! थोडं दुसऱ्यांचं आलं इतकंच. पाणी तर नाही ना घातलं? बायकोनं निघताना विचारलं होतं, "अहो, पोरीचं वेगळं नाही घेतलंत?" मी म्हटलं, "तू आपलं शेण बघ."

मावशीनं चरवी घेतली. "कपिलेचंच न्हवं, म्हादू?"

"व्हय मावशी."

तिनं चरवी पातेल्यावर वाकडी केली. दूध पडेना. तिनं आणखी वाकडी केली आणि आतून पिवळट-हिरवी तार लोंबली... हो, तार. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून यावी तशी. मागोमाग बदकन गोळा पडला आणि वास आला. कणगीत मेलेला उंदीर आठ दिवसांनी सापडतो ना, तो वास. मावशी पदर तोंडाला लावून मोरीकडं धावली. मी गटाराशी जाऊन सकाळचा चहा ओकलो.

आता ऐका. त्याच कॅनमधलं, त्याच मापानं घातलेलं दूध शेजारच्या तीन घरांत होतं. तिन्ही बायकांनी पातेली आणून दाखवली. पांढरं शुभ्र, वर साय धरायला लागलेली! चरवीही आदल्या दिवशी चिंच-राखेनं घासलेली.

तरी मी चरवीवर ढकललं. कल्हईवाल्याकडून आतून चांदीसारखी करून आणली. दुसऱ्या दिवशी तेच. "व्हय मावशी" म्हणालो, तिनं चरवी वाकडी केली, तीच तार, तोच वास. तिसऱ्या दिवशी चरवी घरीच ठेवली आणि दूध कॅनमधून थेट मावशीच्याच पातेल्यात मोजलं, म्हटलं आता काय करशील! माझ्या डोळ्यांनी बघितलं, पांढरं पडलं. मावशीनं विचारलं, मी व्हय म्हणालो, आणि पातेल्यात ते माझ्यासमोर दाटत गेलं, पिवळं पडलं, तार धरली. एका बाईनं "अगं आई गं!" म्हणून पोराला आत ओढलं.

तीन दिवस ती पोर भाताच्या पेजेवर होती. आधी टाहो फोडायची, तिसऱ्या दिवशी नुसती मांजरासारखी म्यँव म्यँव करत होती.  मावशीनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोष मी मोटरला दिला. दुसरं कोण होतं? ती आल्यापासूनच हे चालू झालं होतं. तसाच चिंचवडला गेलो आणि उस्मानभाईला म्हटलं, "काढ ही अवदसा! हिच्या धुरानं लेकराचं दूध नासतंय."

उस्मानभाईनं पाना खाली ठेवला. "राव, धूर काय चरवीचा पत्ता विचारून जातो का? कॅनमधलं का न्हाई नासत?"

"ते मला नको सांगू. काढ!"

"काढतो. पण चोर सोडून संन्याशाला सुळी चाललीय बघा ही." त्यानं मोटर काढली. ती भंगारात घाल म्हणून मी त्यालाच देऊन टाकली, वर तिच्यावर थुंकलो. हो, थुंकलो. बाजारात उभा राहून, चाळीस वर्षांचा बाप्या, एका लोखंडाच्या डब्यावर.

दुसऱ्या दिवशी साधी सायकल. हँडल मोकळं, म्हणून कपिलेचं दूध पुन्हा चरवीत, पुन्हा पुढं टांगलं. मावशीनं विचारलं, मी व्हय म्हणालो. तिनं डोळे मिटून चरवी वाकडी केली. दूध आलं, छान, फेसाळ. मी गावभर सांगत सुटलो की मोटर म्हणजे नुसती घाण, यंत्राच्या धुराला दूध सोसत नाही. लोकांनी माना डोलावल्या. गुडघा मेला तर मरो, असं म्हणत मी महिनाभर पायडल मारत राहिलो.

मग कपिलेच्या सडांना सूज आली. पिळलं तर धारेत रक्त. लालसर, गाठी गाठी... ते भांडं उकिरड्यावर ओतून टाकलं. आता पोरीला काय न्यायचं? मी चरवीत कॅनमधलं मिसळीचं भरलं आणि निघालो. मोटर तर नाहीच, मग नासेल कशानं? आणि मावशीला सांगून उगाच कशाला घाबरवायचं? दोन-चार दिवसांचा प्रश्न.

दारात शेजारच्या बायका पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मावशीच्या कडेवर पोर. महिन्याभरात गालांवर मांस धरलं होतं तिनं, माझ्याकडं बघून हसली.

"कपिलेचंच न्हवं, म्हादू?"

"व्हय मावशी."

चरवी वाकडी झाली. तार लोंबली.

मला आधी वासच आला नाही. मी फक्त माझ्या हँडलकडं बघितलं. रिकामं. ना मोटर, ना धूर, ना पेट्रोल. सायकल, कॅन आणि मी. मग वास आला, आणि या खेपेला तो चरवीतून येत नाही, माझ्याच तोंडातून येतोय असं वाटलं. आयुष्यात मला कशाची इतकी किळस आली नाही.

मावशी उंबऱ्यावर बसली. "म्हादू, परत पेजेवर न्हाई रं टिकायची ही. मला दिसतंय."

मी चरवी नळाखाली धुतली. बायका बघत होत्या. कॅनचं झाकण काढून त्यातूनच पुन्हा भरली. तेच दूध, तीच चरवी. मावशीपुढं धरली. तिच्या तोंडून सवयीनं तोच प्रश्न आला, हळू आवाजात, "कपिलेचंच न्हवं?"

 "न्हाई मावशी," मी म्हणालो. "मिसळीचं हाय. कपिला आजारी हाय. आन मघाचंबी मिसळीचंच व्हतं. महिन्यामागं तीन दिस नासलं, तेबी. मी तोंडानं व्हय म्हनलो."

 एकीनं घागर खाली ठेवली त्याचा आवाज झाला. मावशी माझ्याकडं बघत राहिली, मग चरवीत. पोर रडायला लागली होती. मावशीनं चरवी वाकडी केली... आणि दूध पातेल्यात पडलं. सरळ, पांढरं, धार न तुटता.

तिनं वास घेतला. बोटानं चाखलं. मग त्यात निम्मं पाणी घालून चुलीवर उकळायला ठेवलं आणि मला म्हणाली, "बस. पोरीनं पिईस्तवर जायाचं न्हाई." मी बसलो. पोरीनं वाटी संपवली आणि झोपली. पोटही बिघडलं नाही.

मी कंपाउंडरला विचारलं, एका शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, भांड्यात दोष असेल, तुम्ही घाबरला असाल. असेन. पण घाबरल्यानं दुधाची तार होत नाही आणि खरं बोलल्यानं ती सुटत नाही, एवढं अठरा वर्षं दूध वाहिलेल्या माणसाला कळतं. दुसरं मात्र काही कळत नाही. मोटर परत आणायला गेलो होतो. उस्मानभाईनं ती कधीच विकली होती. आता दुसरी आली आहे म्हणतो, येत्या रविवारी बघायला जाणार आहे. तिच्याशी माझं भांडण नाही.

पोर आता अडीच वर्षांची आहे, कुठल्याही गाई-म्हशीचं पिते, वर भाकरीही मागते. तरी मावशी रोज दारात चरवी हातात घेतली की विचारते, "कपिलेचंच न्हवं, म्हादू?" मी उत्तर द्यायच्या आधी चरवीत बघून घेतो.