घाटासाठी बांधलेली पिकअप

बहरीनमध्ये घाट नाही. सगळा मुलूख पोळपाटासारखा सपाट. आमच्या यजमानांना हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्यांचे हात घाटात शिकले होते. कोकणात घाटाच्या पायथ्याशी ट्रकच्या गॅरेजात ते तयार झाले. तिथं गाडीखालचे कमानपाटे मोडायचे, हे नवे बसवायचे आणि भरला माल पेलावा म्हणून वर एक पाटा जादा घालायचे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सलमाबादला ज्या गॅरेजात हे कामाला होते, त्याच्या मागे एक जुनी अमेरिकन पिकअप पडली होती. गोल नाकाची, बसक्या टपाची. अरबाबच्या, म्हणजे गॅरेजमालकाच्या, वडिलांनी ती मासळी आणि खजूर वाहायला वापरली होती. आता तिच्यात मांजरी व्यायच्या. यांनी ती नीट करायला मागितली. अरबाब हसला.

"चालली आणि विकली गेली, तर मागची शेड तुझी. तिथं जुन्या गाड्याच कर. नाही विकली तर खलास. परत पत्रे ठोकत बस."

यांना ती शेड हवी होती. लोकांनी आपटलेल्या गाड्या सरळ करून करून ते कंटाळले होते.

मग संध्याकाळी आणि शुक्रवारी तेच काम. गंज खरवडला, खड्ड्यांत लांबी भरली, घासून घासून पत्रा काचेसारखा केला. जपानी इंजिन बसवलं, एसी बसवला, सवयीनं खाली जादा पाटे घातले, रंग दिला समुद्राचा. सीट मी शिवली. मनामाच्या बाजारातून लाल रेक्झीन आणलं आणि माझ्या ब्लाउजच्या मशीनवर चार सुया मोडून पुरं केलं. गाडी इतकी देखणी झाली की शेजारच्या गॅरेजातली माणसं हातातलं काम टाकून बघायला येत.

पहिल्यांदा मला बसवलं तेव्हा मांडीवर कढीचं भांडं होतं. घरी पोचेपर्यंत भांड्यात काही उरलं नाही, सगळं लुगड्यावर.

"काय गो, कशी वाटली?"

"दिसायला नवरी. बसायला रेडा. ते जादाचे पाटे काढा."

"पाटे काढले तर माल कसा घेईल?"

"कसला माल? आणि इथं चढ कुठाय?"

हे हात धुऊन पानावर बसले. पाटे काढले नाहीतच.

काचेवर विकाऊ म्हणून पाटी लागली. एक बँकवाला आला, त्याचं डोकं टपाला आपटलं. एक तरुण अरब आला, पहिल्याच वळणावर त्याचं डोक्यावरचं फडकं मांडीत. "मफी," म्हणजे नको, म्हणाला आणि गेला. पाटीचा रंग उन्हानं उडाला. अरबाबनं शेडमध्ये जुने टायर रचायला घेतले. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसत.

एका शुक्रवारी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना समुद्रावर जायचं होतं. चिपळूणच्या, राजापूरच्या, हिंदू, मुसलमान, सगळ्या पिकअपच्या मागे चढल्या. पोरं, चटया, बिर्याणीचा टोप. गाडी होडीसारखी गेली, एक धक्का नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारा अरब. जवानीत मुंबईत खजूर विकलेला, हिंदी चांगलं. तो येणार त्या दिवशी मी बायकांना घेऊन सलमाबादला गेले आणि सगळ्यांना मागे बसवलं.

हे काळेनिळे झाले. "हे काय मांडलंयस?"

"माल," मी म्हटलं.

म्हातारा स्टिअरिंगवर बसला. गाडी घेऊन निघाला, मी आणि हे पुढे त्याच्या शेजारी. मागे बायका हसून हसून लोळत होत्या. लांबचा फेरा मारून तो परत आला. "अच्छी है."

यांचा चेहरा फुलला. पण मला राहवेना. उद्या हा एकटा बसला की आपटणार आणि शिव्या घालत परत येणार.

"चाचा, सच बोलती हूँ. खाली चलाओगे तो उछलेगी. भरी हो तभी ऐसी चलती है."

इंजिन पायावर पडावं तसं यांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हातारा दाढी खाजवत मागे गेला, बायकांकडे बघितलं. "मेरे घर से गाडी कभी खाली निकली नहीं. दो बीवी, बहुएँ, बच्चे, बकरी. यल्ला, चाबी दो." मग थांबून म्हणाला, "ये सब उतरेंगी, या साथ में मिलेंगी?"

राजापूरवाली म्हणाली, "पहले एसी पीछे लगाओ."

अरबाबनं टायर काढले. शेड यांची झाली आणि आम्ही परत येईपर्यंत तिथं किती जुन्या गाड्या उभ्या राहिल्या ते मी मोजलं नाही. पण प्रत्येक गाडीला पाटी लावायच्या आधी हे मला पुढच्या सीटवर बसवत, मागे काहीही न भरता, आणि मांडीवर कढीचं भांडं देत. कढी सांडली की लगेच उतरत. खाली शिरून एक पाटा काढत.