काळ्या कापडाचा भाता

माझ्या नवऱ्याने सागाच्या फळ्यांचा मोठा कॅमेरा घरीच बनवला. पुढे भिंग, मागे दुधी काच. मधला घडीघडीचा भाता मी छत्रीच्या कापडाचा शिवला. पण सुईच्या भोकांतून उजेड आत यायला लागला. अशाने फोटो बिघडतो. माझ्यामुळे त्यांची मेहनत वाया जाईल म्हणून मी डिंकात काजळ कालवून शिवणींवर लावलं.

डिंक वाळल्यावर ते अंगणात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मी डोक्यावर काळी चादर घेऊन काचेत पाहिलं. ते उलटे दिसत होते.

"उजेड येऊन राह्यला का वं?"

"नाई."

"मंग निघ ना बाहेर!"

त्यांच्याकडे इतकं डोळे भरून मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा, पाहून राह्यली," मी आतूनच म्हटलं.