वाळवंटातले शिळे पाणी

सोलापूर सोडले तेव्हा चैत्र संपत आला होता आणि घामाने पातळ पाठीला चिकटले होते. "इथला उन्हाळा कमी पडतो म्हणून वाळवंटात चाललोय का आपण?" असे मी यांना विचारले. हे नुसतेच हसले. गिरणीतली विजेची यंत्रे सांभाळण्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. राजपुतान्यातल्या एका ठाकुरांनी आपल्या शिकारीच्या महालाचे हॉटेल केले होते आणि तिथला डायनामो रुसला होता. आठ दिवसांचे काम, वर राजेशाही मुक्काम. मी परक्या हातचे खात नसे, म्हणून आमच्या घरी कामाला असलेली वैरागची सखूबाई बरोबर घेतली.

गाडीतून उतरल्यावर ठाकुरांची मोटर आली. तिची चाके दोनदा वाळूत रुतली. सखूबाईने चारी दिशांना पाहून घेतले आणि म्हणाली, "बाई, हितं कावळा बी न्हाय की." संध्याकाळी लाल दगडाचा महाल दिसला. आजूबाजूला गाव नाही, झाड नाही. आत मात्र गालिचे, झुंबरे, माणसापेक्षा उंच आरसे आणि संगमरवरी न्हाणीघर. त्यातल्या चकचकीत पितळी नळाला पाणी नव्हते. कोपऱ्यात दोन रांजण भरून ठेवलेले होते. लाधूजी नावाचा म्हातारा नोकर पाण्याचे बघे. दर तिसऱ्या दिवशी उंटावरून पखाली (कातड्याच्या पिशव्या) येतात, असे त्याने सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई रांजणात डोकावली. "बाई, ह्या पान्याला दोन दिस झालं. शिळं हाय. वतून देऊ?"

आमच्या घरी रोज उजाडताच शिळे पाणी ओतायचे, राखेने भांडी घासायची आणि ताजे भरायचे. पाण्याची टंचाई सोलापूरकराला कोणी शिकवायला नको, तरी शिळे पाणी पिण्याची पाळी आम्ही कधी येऊ दिली नव्हती. आज उंट येणारच होते. मी म्हटले, "ओत." तिने दोन्ही रांजणांतले पाणी अंगणातल्या सुकलेल्या मोगऱ्याला घातले. वाळूने ते इतके चटकन पिऊन टाकले की ओलही दिसेना. आम्ही रांजण लख्ख घासले आणि पालथे घातले. खरे सांगते, मला त्या कामाचा अभिमान वाटला.

दुपारी आंधी (धुळीचे वादळ) सुटली. आकाश तपकिरी झाले, दारे खिडक्या बंद केल्या तरी दातांत वाळू कचकचू लागली. उंट आले नाहीत. तेवढ्यात दोन नोकरांनी यांना उचलून आणले. पत्र्याच्या यंत्रघरात हे सकाळपासून काम करत होते. अंग तव्यासारखे तापलेले, घामाचा टिपूस नाही, आणि तोंडाने गिरणीतल्या कोणाला तरी पट्टा बंद कर म्हणून सांगत होते. मला ओळखले नाही.

"लू लागी है," लाधूजी म्हणाला. यांना ऊन बाधले होते. ओल्या चादरीत गुंडाळून वारा घालायला हवा, नाहीतर माणूस हाती लागत नाही, असे तो सांगत होता. स्वयंपाकघरातले पाणी संपले होते. तो न्हाणीघरात गेला आणि तसाच बाहेर आला.

"पाणी कठै ग्यो, बाईसा?" (पाणी कुठे गेले?)

सखूबाई पुढे झाली. "म्या वतलं. शिळं हुतं."

"तिने नाही, मी ओतायला लावले," मी म्हणाले. लाधूजीने माझ्याकडे एकदा पाहिले, डोक्याचा पटका तोंडावरून गुंडाळला आणि दार उघडून त्या धुळीत नाहीसा झाला.

मी पदराने वारा घालत राहिले. गरम वारा गरम अंगावर. हे बोलायचे थांबले, तेव्हा मला जास्तच भीती वाटली. यांचा श्वास चालू आहे ना हे कळावे म्हणून मी यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

दार ढकलून लाधूजी आला. मागे नोकरांच्या घरच्या पाच बाया, पदर पुढे ओढलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक मडके. फडके बांधलेले. त्यांनी चादर भिजवली, गुंडाळली. पिळलेले पाणी परातीत धरून पुन्हा तेच वापरले. एक थेंब फरशीवर पडला तर एकीने तो बोटाने टिपून यांच्या ओठांना लावला. किती तरी वेळाने यांना घाम फुटला. डोळे उघडून हे म्हणाले, "आंधी थांबली का?" मी तोंडात पदर कोंबून रडले.

उंट दुसऱ्या दिवशी आले. मडकी परत करताना सखूबाईने विचारले, "लाधूजी, ह्ये पानी कवाचं हुतं?"

"पाछले चौमासे रो," तो म्हणाला. गेल्या पावसाळ्याचे. घरामागच्या टांक्यात (जमिनीखालच्या कुंडात) ते साठवतात, आणि रोज घरटी एकच मडके काढतात. त्या दिवशीची मडकी आमच्याकडे आली होती. त्यांच्या घरी त्या दिवशी कोण काय प्यायले, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

सोलापूरला परतलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच सखूबाईने सवयीने हंडा उचलला, मोरीपर्यंत नेला आणि थांबली.

"बाई, कालचं हाय."

मी तिच्या हातातून हंडा खाली उतरवून घेतला, फुलपात्र बुडवले आणि यांना नेऊन दिले. मग एक भरून सखूबाईला दिले, आणि शेवटी मी प्याले.