आदल्या दिवसाची गाडी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. घरी नाही, बरॅकमधल्या दोस्तांना नाही. सांगायचं राहून गेलं असं म्हणणार होतो—पण तेही खोटंच. राहून कसलं गेलं? मी दाबून ठेवलं.

आज शनिवार. जोडून सुट्टी आलीय, सोमवारपर्यंत. कुणी मैदानावर क्रिकेट खेळतंय, कुणी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर. मी आठवीतून शाळा सोडलेला, त्यामुळे फौजेत मेसच्या कामावर. सुट्टी म्हणजे आमच्याकडं पुऱ्या. तक्रार नाही माझी—गावात ज्याला कुणी दुकानावर ठेवत नव्हतं त्याला फौजेनं ठेवून घेतलं, हे मी विसरत नाही. मंगळवारपासून माझी रजा. इथल्या डोंगरात थंडी हाडात शिरते, आणि पुऱ्या लाटताना मला आमच्या गावाचं, वळसंगचं ऊन आठवतं. एसटीतून उतरल्यावर तोंडावर येणारी ती झळ. आणि आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. दर रजेला ते मला न्यायला सोलापूर स्टेशनवर येतात, पिशवीत माझ्या घरातल्या चपला घेऊन. फलाटावरच्या बाकावर मला बसवायचं, बूट काढायला लावायचे, चपला द्यायच्या आणि बूट स्वतः काखेत मारून पुढं चालायचं. मला लाज वाटायची.

"आप्पा, लोक बघत्यात."

"बघू दे की. तुझ्या पायास्नी सुट्टी नगं व्हय?"

आता मूळ गोष्टीकडं येतो. येतो—जरा थांबा.

सुरुवातीची काही वर्षं मी घरी एक दिवस उशिराची तारीख सांगायचो. मधला दिवस सोलापुरात काढायचा. स्टेशनसमोरच्या लॉजवर खोली, ऊन वर येईस्तोवर झोप, एक सिनेमा, आणि दुसऱ्या कुणी रांधून वाढलेलं जेवण. दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला फलाटावर जाऊन उतरणाऱ्या गर्दीत मिसळायचं, की झालं. दारू नाही, बाई नाही. मग कशासाठी? एक दिवस कुणी हाक मारू नये म्हणून. बस, एवढंच.

एकदा गाडीतून उतरलो, आणि समोर आप्पा.

बाकावर बसले होते, मांडीवर चपलांची पिशवी. नजर पुढच्या डब्यांवर. मी मागच्या डब्यातून उतरलो होतो. आदल्या दिवशी ते आलेच कसे? नंतर कळलं—गल्लीतला एक फौजी न सांगता एक दिवस आधी घरी आला होता. आप्पांच्या मनानं घेतलं, आपलं पोरगंबी तसंच करणार. आणि त्यांचं मन बरोबर बोललं होतं, नाही का?

मी खांबाआड झालो. आप्पा उठून एकेका डब्यात वाकून बघायला लागले, आणि मी पुलावरून पलीकडं उतरून गेलो.

लॉजवर जीव लागेना. फोन लावला.

"आप्पा, कुटं हाय?"

"घरी की. कुटं असणार? तू कुटंवर आलास?"

त्यांच्यामागं फलाटावरची घोषणा चालली होती. स्पष्ट ऐकू येत होती.

"गाडीत हाय," मी म्हणालो. डोक्यावर पंखा खडखडत होता.

"व्हय, येतोय की आवाज गाडीचा. सावकाश ये बाबा."

तेव्हाही जाता आलं असतं—फक्त रस्ता ओलांडायचा होता. मी झोपलो. झोप चांगली लागली. खोटं कशाला लिहू, लागली. संध्याकाळी सिनेमाही बघितला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते, सदरा चुरगळला होता. माझा शर्ट इस्त्रीचा. त्यांनी माझ्या बाहीवरून हात फिरवला. "गाड्या लई सुधारल्या की रं आता," म्हणाले, आणि खाली बसून माझ्या बुटाची नाडी सोडायला लागले.

घरी अव्वानं, माझ्या आईनं, चार लोकांसमोर सांगितलं, "कालधरनं जाऊन बसलंय बघ येडं! म्हणं, माझं मन सांगतंय, पोरगं आजच येतंय." सगळे हसले. आप्पाही हसले. आणि मी—मी पण हसलो.

त्यानंतर तो मधला दिवस मी कधी घेतला नाही. पण आप्पाही परत कधी मनाचं ऐकून आले नाहीत. एकदा रजा अचानक मिळाली, न कळवता निघालो, आणि सोलापूरला उतरल्यावर उगाचच त्या बाकाकडं बघितलं. कोण असणार होतं तिथं? पूर्वी आभाळ बघून पाऊस सांगायचे; आता कुणी पाऊस येईल का विचारलं, तरी आप्पा वर बघत नाहीत. "मोबाइलात बघ की," म्हणतात.

आज पुऱ्यांचा घाणा उतरवून फोन केला. आप्पांनी विचारलं, कवा पोचतोस. शुक्रवारी सकाळी, म्हणालो—जे खरं तेच.

"नक्की न्हवं? मागं एकदा लई हसं झालं माझं."

त्या दिवशी मी तिथंच होतो, हे ओठावर आलं होतं.

"नक्की," मी म्हणालो, आणि अव्वाकडं फोन द्यायला सांगितलं.